ऊन पडले की चढणारे पाणी

कोकणात वाढलेल्या मनुष्यास पाण्याचे भय नसते, असा देशावर समज आहे. तो खरा नाही. रत्नागिरी जिल्ह्यात, विशेषतः देवरुखच्या पूर्वेस मार्लेश्वराच्या बाजूला, पाण्याचे भय बाळगूनच माणसे म्हातारी होतात. आमचे आजोबा श्रावणात वहाळापाशी आले की आधी काठावर उकिडवे बसत, पाण्याच्या कडेला एक काटकी रोवीत आणि अर्धी घटका गप्प राहत. काटकी बुडू लागली तर घरी परत; कोरडी पडली तरच काचा मारून पाऊल पाण्यात. साकव वाहून गेला म्हणून पलीकडच्या वाडीतले बारसे चुकले, तरी त्यांस खंत नसे.

त्यांचा दुसरा नियम असा, की आभाळ उघडले म्हणजे वहाळ उतरणारच. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, आणि उतार उभा. त्यामुळे आमचे पाणी जसे घाईने चढते तसेच घाईने ओसरते. हाच नियम गाठीस बांधून आम्ही जूनच्या अखेरीस हामटा खिंडीच्या वाटेस लागलो.

कुलूच्या खोऱ्यातून लाहूलमध्ये उतरणारी ही खिंड सुमारे १४,००० फूट उंचीवर आहे. महाराष्ट्रातून हिमालयात पायी जाण्याची चाल जुनीच. काकासाहेब कालेलकर १९१२ साली तिकडे हिंडले. परंतु बदरी-केदारच्या यात्रामार्गावर नद्यांना पूल असतात, खिंडींच्या वाटेवर बहुधा नसतात. बर्फाचेही असेच. वर पांढरे, टणक दिसणारे बर्फ कित्येकदा ओहोळावरचे नुसते छप्पर असते. खालून पाणी ते पोखरीत असते. आमचा वाटाड्या प्रत्येक पावलाआधी काठीने ठोकून पाही. पोकळ नाद आला की वळसा, मग तो कितीही लांबचा असो.

खिंड उतरून शिया गोरूच्या ओढ्याशी पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. हमालांनी दुपारीच पलीकडे राहुट्या ठोकल्या होत्या; त्यांच्या चुलीचा धूर दिसत होता. सकाळपासून आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. आम्ही मनात म्हटले, पाणी आता उतरणीस लागले असेल. वाटाड्या मान हलवून खाली बसला.

कारण साधेच आहे. तेथील ओढ्यास पाऊस नव्हे, ऊन भरते. दिवसभर वर बर्फ वितळते आणि ते पाणी तिसऱ्या प्रहरी किंवा संध्याकाळी खाली येऊन पोहोचते. रात्री वर गोठले, म्हणजे पहाटे ओढा क्षीण. निरभ्र आकाश पाहून आम्ही आनंदलो होतो, तेच आमच्या विरुद्ध काम करीत होते! आमच्या पुतण्याचा मात्र धीर सुटला. गुडघ्याच्या थोडे वर पाणी, त्यात काय, असे म्हणून तो बूट काढू लागला. आम्हांस आजोबांची आठवण झाली. आम्ही एक काटकी रोवली व त्यास म्हटले, "बाळ, ही कोरडी राहिली तर तू जा." पंधरा मिनिटांत ती दिसेनाशी झाली. तो काही बोलला नाही. बुटाचे बंद पुन्हा बांधू लागला.

ती रात्र आम्ही एका मेणकापडाखाली, बेसनाच्या लाडवांवर काढली. झोप कोणासच आली नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचे ढकलणारे बळ चौपट होते, हे शाळेत शिकलो होतो; त्याचा अर्थ रात्रभर वाहत्या धोंड्यांच्या आवाजात ऐकला.

पहाटे पाच वाजता काटकीची जागा पाण्यापासून हातभर दूर होती. मात्र पहाटेचाही एक दगा असतो: काठच्या दगडांवर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा धरलेला. रुंद व उथळ जागा निवडली, कारण चिंचोळ्या जागी पाणी खोल आणि जोरकस असते. पाठपिशवीचे कमरेचे व छातीचे पट्टे सोडले, म्हणजे पडल्यास ओझे टाकता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, आणि एका वेळी एकच पाऊल.

आम्ही अनवाणी उतरलो. वहाळात हीच आमची सवय, आणि तीच चूक ठरली. आमच्या वहाळाचे पाणी भर पावसातही चोवीस-पंचवीस अंश असते, हे गोठण्याच्या जेमतेम दोन-तीन अंश वर. पाचव्या पावलास पाय आपले राहिले नाहीत; तळव्यास दगड कळेना. पुतण्या बूट घालूनच आला, आणि त्याने आमचा दंड घट्ट धरला होता. पलीकडे चुलीशी बसल्यावर त्यानेच दाखविले, की आमच्या अंगठ्याचे नख अर्धे उचकटले आहे व रक्त वाहते आहे. आम्हांस त्याची जाणीव चहाचा दुसरा पेला संपेपर्यंत झाली नाही.