मरियम, मरिया आणि एक खोडलेले वाक्य

नाताळच्या भित्तिपत्रकाचा विषय 'आई' ठरला, तेव्हा त्यात काही वादाचे असेल असे मंडळात कुणालाच वाटले नव्हते. कविता आल्या, आजीच्या आठवणी आल्या. दुसऱ्या वर्षाच्या एका मैत्रिणीने दोन पानांचा लेख दिला, 'कुराणातली मरियम'. ती मुसलमान. घरी दखनी, शाळा मराठी माध्यमाची; अक्षर आमच्या सगळ्यांपेक्षा सुरेख. निवडीला बसलो आणि दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, नाताळच्या अंकात हे कशाला, उगीच कुणीतरी काहीतरी बोलेल. दुसऱ्याचे म्हणणे, घ्या की, शेवटी सगळे धर्म एकच सांगतात.

मी दुसऱ्या तटात होतो. आणि लेख 'सांभाळून' जावा म्हणून मी त्यातले एक वाक्य पेन्सिलीने खोडले. वाक्य साधे होते: आम्ही हजरत ईसांना अल्लाहचे पैगंबर मानतो, देवाचा पुत्र मानत नाही. मला वाटले, एवढे काढले की लेख सर्वांना गोड लागेल.

कच्चा अंक फादरांकडे गेला. त्यांनी ती खूण पाहिली, कुणी केली ते विचारले आणि म्हणाले, "अरे, हे वाक्य रोमने खोडले नाही. तू का खोडलंस?" मला काही कळले नाही. मग त्यांनी एक जुने, चार-पाच पानी निवेदन हातात दिले. पुढचे सगळे त्या निवेदनापासून सुरू झालेल्या वाचनातले आहे.

आधी कुराणात काय आहे ते पाहू, कारण आमच्यातल्या बहुतेक ख्रिस्ती मुलांना ते ठाऊक नव्हते (मलाही नव्हते). कुराणात ११४ सूरा, म्हणजे अध्याय आहेत. त्यातल्या एकोणिसाव्याचे नावच 'मरियम'. सबंध कुराणात नावाने उल्लेख झालेली ही एकच स्त्री. बाकीच्या स्त्रिया येतात त्या अमक्याची पत्नी, तमक्याची आई म्हणून. खुद्द महंमद पैगंबरांच्या आईचेही नाव तिथे नाही. मरियमकडे देवाचा दूत येतो, मुलगा होईल म्हणून सांगतो. ती विचारते, मला कुणा पुरुषाचा स्पर्श नाही, मग मूल कसे? इथवर लूकच्या शुभवर्तमानाशी गोष्ट जवळजवळ जुळते. पुढे मात्र वाट वेगळी होते. गोठा नाही, गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत, योसेफही नाही. ती एकटीच दूर जाते, खजुरीच्या बुंध्याशी कळा सोसते, याआधीच मेले असते तर बरे झाले असते असे म्हणते. तेव्हा तिला धीर देणारा आवाज येतो: झाड हलव, ताजे खजूर पडतील, खा, पाणी पी. बाळाला घेऊन ती घरच्यांत परतते, लोक नावे ठेवतात, ती काहीच बोलत नाही. पाळण्यातले बाळच आईच्या बाजूने बोलते. मैत्रिणीने हा प्रसंग इतका छान लिहिला होता की आमच्या पहिल्या तटातलेही गप्प झाले.

ईसांबद्दलही तसेच. पित्यावाचून जन्म, 'मसीह' ही पदवी, आंधळ्यांना दृष्टी देणे, कोड्यांना बरे करणे, मेलेल्यांना उठवणे, हे सगळे कुराणात आहे. मात्र प्रत्येक वेळी 'अल्लाहच्या परवानगीने' असे बजावून. अंतकाळापूर्वी ईसा पुन्हा येतील अशीही मुसलमानांची श्रद्धा आहे.

आता जिथे जुळत नाही तिथे येऊ. कुराण सांगते की ईसांना ठार मारले गेले नाही, वधस्तंभावर दिलेही नाही. लोकांना तसे भासले, आणि अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. कॅथलिक माणसासाठी तर क्रूस आणि पुनरुत्थान काढले की उरतेच काय? प्रत्येक मिस्सा त्या मरणाची आठवण आहे. दुसरे, त्रैक्य. इस्लामचा कणा म्हणजे तौहीद: देव एकच, त्याला भागीदार नाही, त्याला अपत्य नाही. त्याच्या बरोबरीला कुणाला बसवणे हे सगळ्यात मोठे पाप, शिर्क. ख्रिस्ती माणूस म्हणतो, आम्हीही एकच देव मानतो, रविवारी म्हणतो त्या मतांगिकाराची सुरुवातच तिथून होते. 'पुत्र' म्हणजे शरीराने झालेले अपत्य असे आम्ही म्हणतच नाही. या स्पष्टीकरणाने गैरसमज थोडा कमी होतो, मतभेद मिटत नाही. येशू देव आहे की देवाचा थोर प्रेषित आहे, या प्रश्नावर मधला रस्ता नाही.

इथे आपण सगळेच एक गल्लत करतो. बायबलसमोर कुराण आणि येशूसमोर महंमद असा तक्ता मनात मांडतो. तो नीट बसत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत देवाचा शब्द माणूस झाला. इस्लाममध्ये देवाचा शब्द ग्रंथ झाला. म्हणजे कुराणाच्या जागी ख्रिस्ती धर्मात खरे तर येशू आहे, बायबल नव्हे. हे कळल्यावर बऱ्याच गोष्टी उलगडतात. कुराण अरबीतच का पठण करतात, भाषांतराला ती पदवी का नाही, ग्रंथाला वुजूशिवाय हात का लावत नाहीत. आपण प्रसादभाकरीशी ज्या आदराने वागतो, तो आदर आठवा.

इतका जवळचा आणि इतका अवघड नातेवाईक असला की इतिहास सरळ कसा असणार? १०९५ मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी धर्मयुद्धाची हाक दिली. १०९९ मध्ये जेरुसलेम घेतल्यावर तिथल्या मुसलमान आणि यहुदी रहिवाशांची कत्तल झाली. आमच्या घरी आजी रोज संध्याकाळी तेर्स म्हणते, ऑक्टोबरात तर गल्लीभर. त्या महिन्यातल्या ७ तारखेच्या जपमाळेच्या सणाचे मूळ काय, हे मी कधी विचारले नव्हते. १५७१ साली त्याच तारखेला लेपांतोच्या समुद्रात ख्रिस्ती आरमाराने उस्मानी तुर्कांचा पराभव केला, त्याचा तो सण. सुरुवातीला नावच 'विजयाची माता' होते. म्हणजे जी मरिया दोन्ही घरांत आहे, तीच एका घराच्या जहाजांवरचे निशाणही झाली. गोव्याबद्दल तर लांब जायला नको. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो द आल्बुकेर्कने विजापूरच्या आदिलशहाकडून शहर परत जिंकले आणि तिथल्या मुसलमानांची सरसकट कत्तल करवली. हे त्याच्या शत्रूंनी नव्हे, त्याने स्वतःच राजाला पत्रात कळवले आहे. तो दिवस सेंट कॅथरीनचा, म्हणून जुन्या गोव्यात तिच्या नावाचे कपेल आहे.

तरीही त्या काळात दुसरी माणसेही होती. १२१९ मध्ये इजिप्तमधल्या दमिएत्ताला वेढा पडला असताना असिसीचा फ्रान्सिस युद्धाची सीमा ओलांडून सुलतान अल-कामिलच्या छावणीत गेला, बोलला आणि सुखरूप परत आला. त्याला सुलतानाला ख्रिस्ती करायचे होते, हे लपवायचे कारण नाही. पण तो तलवार न घेता गेला, आणि सुलतानानेही त्याला पाहुण्यासारखे वागवले.

मला सगळ्यात जास्त गुंतवले ते अकबराने. सप्टेंबर १५७९ मध्ये त्याचा वकील गोव्याला आला: विद्वान धर्मगुरू पाठवा, तुमचे ग्रंथ घेऊन. (मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी जाता जाता: पुढे 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे थॉमस स्टीफन्स त्याच वर्षी ऑक्टोबरात गोव्यात उतरले.) नोव्हेंबरात तिघे जेझुइट निघाले. इटलीचे रुदोल्फ आक्वाविवा, कातालोनियाचे आंतोनियो मोन्सेरात, आणि दुभाषे म्हणून फ्रान्सिस्को हेन्रिकेस, जे मूळचे होर्मुझचे, जन्माने मुसलमान. फेब्रुवारी १५८० च्या अखेरीस ते फत्तेपूर सिक्रीला पोचले. त्यांनी बादशहाला अनेक भाषांतले बायबल भेट दिले. अकबराने एकेक खंड हातात घेऊन चुंबन घेतले आणि डोक्याला लावला, असे जेझुइटांच्या वृत्तांतात आहे. इबादतखान्यात वाद रंगले. मोन्सेरात राजपुत्र मुरादला शिकवू लागले.

आणि मग गाडे अडले, नेमके त्याच वाक्यावर! देव एक असून त्याला पुत्र कसा, हे अकबराला पटेना. पाद्रीही वादात इस्लामवर कडाडून टीका करत. दरबारातले मौलवी खवळत. जेझुइटांना धर्मांतर हवे होते, अकबराला चर्चा हवी होती. १५८३ मध्ये आक्वाविवा गोव्याला परतले आणि त्याच वर्षी जुलैत कुंकळ्ळीला मारले गेले. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यात मोगलांचा संबंध नाही. पण ये-जा थांबली नाही. १५९५ मध्ये तिसरी तुकडी लाहोरला गेली. त्यातले जेरोम झेवियर, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या बहिणीचे नातू, फारसी शिकले आणि अब्दुस सत्तार या मुसलमान विद्वानाच्या मदतीने त्यांनी येशूचे चरित्र फारसीत लिहिले. ते १६०२ मध्ये अकबराला दिले. दोघे एका टेबलाशी बसून त्यातला 'पुत्र' हा शब्द फारसीत कसा उतरवत असतील, याची मला फार उत्सुकता वाटते.

आता फादरांनी दिलेल्या निवेदनाकडे. त्याचे नाव 'नोस्त्रा एताते', दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे, २८ ऑक्टोबर १९६५ चे. मुळात ते फक्त यहुद्यांविषयी व्हायचे होते. नाझींनी केलेल्या संहारानंतर चर्चला त्या नात्याचा हिशेब करणे भाग होते. अरब देशांतले बिशप म्हणाले, यहुद्यांबद्दल बोलता तर मुसलमानांबद्दलही बोला, नाहीतर आमच्याकडे त्याचा भलताच अर्थ होईल. मग विषय वाढत गेला, हिंदू आणि बौद्ध धर्मही आले. दरम्यान डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला येऊन इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटून गेले होते. शेवटच्या मतदानात बाजूने २२२१, विरुद्ध ८८.

मुसलमानांवरचा परिच्छेद छोटा आहे. चर्च मुसलमानांकडे आदराने पाहते. ते एका, दयाळू, निर्मात्या देवाची उपासना करतात. अब्राहामाप्रमाणे देवाच्या इच्छेला शरण जातात. प्रार्थना, दान, उपवास करतात. न्यायाच्या दिवसाची वाट पाहतात. मरिया मातेचा मान राखतात, कधी तिचा धावाही करतात. आणि मधोमध ते कलम: ते येशूला देव मानत नाहीत, पण पैगंबर म्हणून त्याचा आदर करतात. म्हणजे मैत्रिणीचेच वाक्य, दुसऱ्या बाजूने लिहिलेले. आदराचे वाक्य आणि नकाराचे वाक्य एकाच श्वासात, आणि परिषदेला त्यात अडचण वाटली नाही.

निवेदन परिपूर्ण आहे असे मला वाटत नाही. त्यात महंमद पैगंबरांचे नाव नाही, कुराणाचेही नाही. ज्यांना आदर द्यायचा त्यांच्या आयुष्याच्या केंद्राचा उल्लेखच नसावा, हे खटकते. आणि भूतकाळ विसरून परस्परांना समजून घ्या, असे आवाहन आहे, त्यातले 'विसरून' मला पटत नाही. १५१० विसरून गोव्यात कोण कुणाला समजून घेणार? आठवून, एकत्र बसून बोलले तर जमेल.

पुढचा रस्ताही सपाट नव्हता. ६ मे २००१ रोजी दुसरे जॉन पॉल दमास्कसच्या उमय्यद मशिदीत गेले. मशिदीत जाणारे ते पहिले पोप. त्या मशिदीत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा, म्हणजेच मुसलमानांच्या याह्यांचा, दर्गा आहे. सप्टेंबर २००६ मध्ये सोळावे बेनेडिक्ट यांनी जर्मनीतल्या एका व्याख्यानात जुन्या बायझंटाइन सम्राटाचे इस्लामविषयीचे जहाल उद्गार उद्धृत केले आणि जगभर संताप उसळला. पण उत्तरही आले, आणि ते लक्षात ठेवण्यासारखे होते: पुढच्या वर्षी १३८ मुसलमान विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना जाहीर पत्र लिहिले, देवावरचे आणि शेजाऱ्यावरचे प्रेम या दोन सामाईक आज्ञांवर. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी अबू धाबीत पोप फ्रान्सिस आणि अल-अजहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. दमिएत्ताच्या त्या भेटीला तेव्हा आठशे वर्षे होत होती. धर्मांची विविधता ही देवाचीच इच्छा आहे, या त्यातल्या विधानावर कॅथलिकांमध्येच वाद झाला. लेबननमध्ये तर २०१० पासून २५ मार्च, म्हणजे दूताने मरियेला संदेश दिल्याचा दिवस, दोन्ही धर्मांची मिळून राष्ट्रीय सुट्टी आहे.

आमचे भित्तिपत्रक ठरल्या दिवशी लागले. खोडलेले वाक्य जागेवर होते. मी मैत्रिणीची माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं जागा कमी पडली असेल." कुणी काही बोलले नाही, एका सरांनी फक्त 'खजूर'चे लिंग तपासा म्हणून सांगितले.

आता तिने माझ्यावर काम सोपवले आहे. "माझं वाक्य ठेवलंस ना, आता तुझं लिही. एक देव म्हणता, मग तिघे कसे? मला कळेल असं लिही, पुढच्या अंकात घेऊ." तीन आठवडे झाले. तीनदा फाडून अर्धे पान झाले आहे.