आस्थापनेची वही आणि माणसाची सोय

नोकरदार माणसाचें अर्धें चरित्र त्याच्या सेवापुस्तकांत असतें. जन्मतारीख, नेमणूक, बढती, रजा, वारसाचें नांव, सारें तेथें. एके काळीं हें पुस्तक कचेरीच्या कपाटांत आणि कपाटाची किल्ली आस्थापनेच्या कारकुनापाशीं असे. आज पुष्कळ ठिकाणीं तें संगणकांत गेलें असून किल्ली खुद्द नोकराच्या हातीं आली आहे. मनुष्यबळाचें सॉफ्टवेअर म्हणतात तें हेंच. आमच्या वाचकांच्या घरांतील मुलगे, मुली, सुना त्यावर रजा मागतात, पगारपत्रक पाहतात. आणि कांहीं घरांत तें रचणारे तरुणहि आहेत. त्यांच्यासाठीं हे चार शब्द.

लंडनमध्यें चहाचीं दुकानें चालविणाऱ्या लायन्स कंपनीनें १९५१ सालीं 'लिओ' हा संगणक व्यवहारी कामास लावला. पुढें नोकरांच्या पगाराचा हिशेबहि त्यावर होऊं लागला. त्या काळीं यंत्रापुढें बसणारा मनुष्य त्याच कामांत मुरलेला असे. आतां रोज शंभर अर्ज हाताळणाऱ्या कारकुनाच्या जागीं वर्षांतून दोनचारदां अर्ज भरणारा सामान्य नोकर आला आहे. कारकुनास जें सरावानें सुचे, तें ह्यास पडद्यानेंच सांगितलें पाहिजे. नव्या सोयींचें सारें मर्म ह्या एका फरकांत आहे.

आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेनें १९९८ सालीं उपयोगसुलभतेचें लक्षण सांगितलें, त्याचा आशय असा : अमुक माणसास, अमुक परिस्थितींत, अमुक कार्य बिनचूक साधावें, थोड्या श्रमांत साधावें, आणि मनास समाधान वाटावें. ह्यांत आम्हांस 'अमुक' हा शब्दच मोलाचा वाटतो. कोणास, केव्हां आणि कशासाठीं हें ठरविल्यावांचून सोय ठरत नाहीं.

रजेचा अर्जच घ्या. वडील रुग्णालयांत आहेत आणि मुलगा तेथल्या बाकावर बसून मोबाइलवर रजा मागत आहे. रजा किती शिल्लक आहे, मधला रविवार तींत धरला जातो कीं नाहीं, आणि अर्ज आतां कोणाच्या मेजावर आहे, हीं तीन उत्तरें त्यास न विचारतां दिसलीं पाहिजेत. अर्धा भरलेला अर्ज जपून राहावा. चुकून गेलेला परत घेतां यावा. काय चुकलें व आतां काय करावें, तें साध्या मराठींत सांगावें. नुसता चुकीचा क्रमांक दाखवून काय उपयोग? प्रसूतिरजेचेंहि तसेंच. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांपुरती ही रजा १२ आठवड्यांची २६ झाली. प्रसूतीची अपेक्षित तारीख घातली कीं रजा केव्हांपासून घेतां येईल व कोठवर पुरेल, हें यंत्रानेंच मांडावें. बोटें मोजण्याचें काम गर्भिणीकडे कां?

नांवाची अडचण तर आमच्या घरोघरची. स्वतःचें, वडिलांचें वा पतीचें नांव आणि आडनांव ही आमची रीत. लग्नानंतर कित्येक स्त्रियांचीं त्यांतलीं दोन बदलतात. अर्जांत मात्र दोनच चौकटी! मग एका कागदावर एक नांव आणि दुसऱ्यावर दुसरें. आधार व भविष्यनिर्वाह निधि यांच्या नोंदींत असा फरक पडला कीं हक्काचा पैसा अडकतो. पूर्वीं अशा दुरुस्तीसाठीं बहुधा मालकाच्या संमतीची वाट पाहावी लागे. १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधाराशीं पडताळून ज्यांस खातेक्रमांक मिळाला, त्यांस ही दुरुस्ती स्वतःच करण्याची मुभा निधीच्या संघटनेनें जानेवारी २०२५ मध्यें दिली. येथें नवें बटण आलें नाहीं. एक पायरी गेली. आमच्या मतें उत्तम सोय ती हीच.

दुसरी एक सोय आम्ही सुचवितों. नोकरानें विवाहाची नोंद केली कीं यंत्रानें एकदांच, नम्रपणें विचारावें : वारसाचें नांव पुन्हा पाहतां का? घरावर संकट आल्यावर हा प्रश्न विचारणें म्हणजे वेळ निघून गेल्यावर विचारणें होय.

पण सोय खरी कीं खोटी हें कसें ओळखावें? जेकब नील्सन ह्या तज्ज्ञानें २००० सालीं सांगितलें कीं, पांच जणांकडून काम करवून पाहिलें तरी बहुतेक दोष उघडे पडतात. पंधरा जण मिळाले तर एकदम परीक्षा न घेतां, पांचपांच जणांची तीनदां घ्यावी, आणि मधल्या वेळांत दोष काढावे. परीक्षकानें मात्र गप्प बसावें. विद्यार्थ्याची पाटी पाहतांना गुरुजीच उत्तर सांगूं लागले, तर मुलास काय येतें तें कळणार कसें? आणि ते पांच जण रचनाकाराचे मित्रच नसावे. त्यांत चष्मा लावणारा शिपाई असावा, मराठीच वाचणारी आया असावी, जुना फोन वापरणारा पहारेकरी असावा.

आमच्या तरुण अभियंत्यांस एवढेंच सांगणें : प्रत्येक चौकटीपलीकडे कोणाची तरी रजा, कोणाचा तरी पगार वाट पाहत असतो. नवी सोय काढण्यापूर्वीं तासभर त्या माणसाशेजारीं बसा, आणि त्याचा हात कोठें अडखळतो तेवढें पाहा.