घोरण्याचं मशीन घरात आलं, आता पहिला महिना सांभाळा

घरात अब्बू किंवा मामू जोरजोरात घोरत असले की आपण म्हणतो, 'दिवसभर दमलेत, गाढ झोपलेत.' सकाळी मात्र त्यांचं डोकं जड असतं, तोंड कोरडं पडलेलं असतं. फज्रला उठवत नाही. जुम्म्याच्या बयानात डोळा लागतो. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं आणि आपण त्याचा दोष शुगरला देतो. घरातलं कुणीतरी त्यांना आळशीही म्हणून टाकतं. प्रत्यक्षात त्या माणसाला रात्रभर नीट झोपच मिळालेली नसते.

या आजाराला डॉक्टर 'स्लीप एपनिया' म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट अरुंद होते आणि मधूनमधून पूर्ण बंद होते. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मग मेंदू धक्का देऊन जागं करतो, एक मोठा घोर येतो आणि पुन्हा तेच सुरू होतं. तासाला असे ५ ते १५ प्रकार झाले तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र मानतात. तीव्र म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा तरी श्वास अडतो! वर्षानुवर्षं असं चाललं की ब्लडप्रेशर, हृदयविकार आणि लकव्याचा धोका वाढतो. गाडी चालवणाऱ्याला स्टिअरिंगवर झोप लागते, तो धोका तर त्याच रात्रीचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

तपासणी झाली, डॉक्टरांनी 'सीपॅप' मशीन लिहून दिलं, पैसे भरून ते घरी आणलं, इथवर बरीच कुटुंबं पोहोचतात. पुढे मात्र अनेक मशीन आठ-पंधरा दिवसांत कपाटावर जातात. 'जमत नाही', 'गुदमरतं', 'नाकात वारा घुसतो' ही कारणं आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीवर साधा उपाय आहे, पण तो वेळेवर कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

हे ऑक्सिजनचं मशीन नाही

कोविडनंतर तोंडावर मास्क आणि नळी दिसली की घरचे घाबरतात. 'अब्बू ऑक्सिजनवर गेले' अशी खबर खानदानात पसरते. सीपॅपमध्ये ऑक्सिजन नसतो, औषधही नसतं. मशीन खोलीतलीच हवा गाळून घेतं आणि थोड्या दाबाने नाकातून आत सोडतं. त्या दाबामुळे घसा आतून उघडा राहतो, जशी हवा भरलेली सायकलची ट्यूब मिटत नाही.

हा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. १० चा दाब म्हणजे किती? बादलीत नळी १० सेंटिमीटर बुडवून बुडबुडे काढायला जितकी फुंकर लागते, तितकाच. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवर हा उपाय यशस्वी झाल्याचं प्रसिद्ध केलं. सुरुवातीची यंत्रं व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीवर चालत आणि भरपूर आवाज करत. आजचं मशीन उशाशी ठेवलं तरी घोरण्यापेक्षा कितीतरी शांत असतं.

एक गोष्ट मनात पक्की हवी. मशीन आजार मुळापासून काढत नाही. चष्मा लावला की दिसतं, तसं मशीन लावलं की श्वास चालतो. काढलं की त्याच रात्री घसा पुन्हा मिटू लागतो.

पहिल्या आठवड्यात काय करायचं

पहिल्याच रात्री आठ तास मास्क लावून झोपायचा हट्ट नको. आधी दिवसा सवय करा. चहा झाल्यावर टीव्ही बघताना नुसता मास्क हातात धरून नाकाला लावा. मग पट्टे बांधा. मग मशीन सुरू करून वीस-पंचवीस मिनिटं बसा. नाकाने श्वास घ्या, तोंड मिटलेलं ठेवा, हवेशी झुंजू नका. ज्यांना बंद जागेत जीव घाबरतो, त्यांना या पायऱ्यांचा खूप उपयोग होतो.

रात्री 'रॅम्प' सुरू करायला सांगा. त्यात दाब आधी कमी असतो आणि झोप लागेपर्यंत हळूहळू वाढतो. श्वास सोडताना दाब थोडा कमी करणारी सोयही बऱ्याच मशीनमध्ये असते. दुकानदार घाईत हे दाखवत नाहीत, आपण विचारायचं. पण मूळ दाब मात्र स्वतःच्या मनाने बदलायचा नाही, ते काम डॉक्टरांचं.

रात्री दोनला मास्क नकोसा झाला तर काढा, पाच मिनिटं बसा आणि पुन्हा लावा. 'आज राहू दे' म्हटलं की उद्याही राहतं. रोज किमान ४ तास ही पहिली पायरी धरा. पुढे जितकी झोप तितका वेळ मशीन, दुपारच्या झोपेतही. मालेगाव-भिवंडीत रात्रपाळीला यंत्रमागावर जाणाऱ्यांची झोप दिवसा होते, त्यांनी मशीनही दिवसाच लावायचं.

मास्क बरोबर तर अर्धं काम झालं

मास्क तीन प्रकारचे असतात. एक नाकपुड्यांना खालून टेकणारा छोटा, दुसरा पूर्ण नाक झाकणारा आणि तिसरा नाक-तोंड दोन्ही झाकणारा. ज्यांचं तोंड झोपेत उघडं राहतं किंवा नाक सतत बंद असतं, त्यांना तिसरा लागू शकतो.

दाढी असलेल्यांचा प्रश्न वेगळा असतो. मोठ्या मास्कची कड दाढीवर बसत नाही, हवा निसटते आणि डोळ्यांवर वारा येतो. त्यासाठी दाढी काढायची गरज नाही. नाकपुड्यांना टेकणारा मास्क बहुतेकांना चालून जातो, तो आधी वापरून बघा. झोपण्यापूर्वी दाढीला तेल आणि चेहऱ्याला क्रीम लावू नका, सिलिकॉन घसरतं.

पट्टे आवळायची घाई नको. मास्क बसवून बघायचा तो झोपूनच आणि मशीन सुरू ठेवून, कारण आडवं झाल्यावर चेहऱ्याचा आकार बदलतो. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. सकाळी नाकावर लाल वळ दिसले तर पट्टा जास्त घट्ट आहे किंवा माप चुकलं आहे.

नेहमीच्या तक्रारी आणि उपाय

नाक-घसा कोरडा पडतो: मशीनच्या पाण्याच्या टाकीचा ओलावा एक-दोन अंकांनी वाढवा. नाक चोंदत असेल तर झोपण्यापूर्वी सलाईनच्या थेंबांनी मोकळं करा.

सकाळी तोंड लाकडासारखं होतं: हवा तोंडावाटे निसटते आहे. हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड झाकणारा मास्क याबद्दल डॉक्टरांना विचारा.

नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येतो: एसी किंवा थंडीमुळे वाफेचं पाणी होतं. ओलावा थोडा कमी करा, नळीला कापडाचं कव्हर घाला आणि मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा.

पोट फुगतं, ढेकर येतात: हवा गिळली जाते. डोक्याकडची बाजू थोडी उंच करा, जेवण आणि झोप यांत अंतर ठेवा. तरी थांबलं नाही तर दाब तपासून घ्या.

कान दुखत असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल किंवा महिनाभर मशीन लावूनही दिवसा झोप येत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. मशीन रोजचा हिशेब ठेवतं. किती तास वापरलं, हवा किती निसटली आणि तासाला किती वेळा श्वास अडला, हे त्यात दिसतं. शेवटचा आकडा सहसा ५ च्या खाली यायला हवा. भेटीला जाताना हा अहवाल सोबत न्या.

रात्रीचं उठणं आणि रमजान

तहज्जुदसाठी किंवा लघवीला उठताना पूर्ण मास्क काढायची गरज नसते. बऱ्याच मास्कची नळी पुढूनच सुटते. नळी सोडा, जाऊन या, पुन्हा जोडा. वजू करायचा असेल तर मास्क काढावाच लागेल, अशा वेळी पट्ट्यांची लांबी न बदलता फक्त क्लिप सोडा म्हणजे परत लावणं सोपं जातं.

रमजानमध्ये झोपेचे दोन तुकडे होतात, तरावीहनंतर एक आणि फज्रनंतर एक. दोन्ही वेळा मशीन लावा. सहरी पोटभर करून लगेच आडवं होऊ नका, तेव्हाच पोट फुगतं आणि ॲसिडिटी वर येते.

'रोज्यात दिवसा झोपताना मशीन चालेल का?' हा सवाल आपल्या आलिमांना विचारावा, फैसला तेच सांगतील. फक्त विचारताना मशीन काय करतं हे नीट सांगा. हवा खोलीतलीच, औषध नाही, ऑक्सिजन नाही. टाकीत पाणी असेल तर हवेत ओलावा येतो, पण टाकीत पाणी न घालताही मशीन चालवता येतं. अर्धी माहिती देऊन अर्धं उत्तर घ्यायचं आणि महिनाभर मशीन बंद ठेवायचं, असं होऊ नये.

लाईट गेली तर? सफरला निघालो तर?

'रात्री लाईट गेली तर अब्बू मास्कमध्ये गुदमरतील' ही भीती घरच्यांना असते. मास्कला श्वास बाहेर जायची छिद्रं असतात. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं, आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारा व्हॉल्व्ह असतो. हवा थांबली की माणूस सहसा जागा होतो आणि मास्क काढतो. जिथे लोडशेडिंग नेहमीचं आहे तिथे मशीन इन्व्हर्टरवर घ्या. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर वीज बरीच कमी लागते.

उमरा-हजला जाताना मशीन लगेजमध्ये टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. टाकी रिकामी करा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिकडच्या सॉकेटचा अडॅप्टर सोबत घ्या. मिनाच्या तंबूत गर्दी असते, त्यामुळे लांब एक्स्टेन्शन वायर उपयोगी पडते.

सफाई, आणि जुनं मशीन घेताना

मास्कची गादी रोज ओल्या फडक्याने पुसा. आठवड्यातून एकदा मास्क, नळी आणि टाकी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला आणि ते रोज बदला. बोअरच्या पाण्याने टाकीत पांढरा थर बसतो. श्रद्धेने कुणी आबे जमजम घालायचा विचार करेल, पण त्यातही क्षार असतात, ते पिण्यासाठीच ठेवा. अत्तर, निलगिरी किंवा विक्सही टाकीत नको, ते थेट फुप्फुसात जातं.

मशीन महाग असतं, म्हणून आधी महिनाभर भाड्याने मिळतं का ते विचारा. वापरलेलं घेत असाल तर मॉडेल आणि सिरियल नंबर तपासा. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लाखो मशीन परत मागवली होती, कारण आतला आवाज रोखणारा फोम झिजून त्याचे कण हवेत येण्याचा धोका होता. मास्क आणि नळी मात्र नवीच घ्या.

घरच्यांचं काम

मशीन लावणाऱ्याला पहिल्या दिवसांत लाज वाटते. मुलं हसतात, 'पायलट' म्हणतात. मुलांना मास्क हातात घेऊन बघू द्या, भीतीही जाते आणि हसूही. बीवीने सकाळी एवढंच सांगावं, 'आज रात्री तुमचा श्वास एकदाही अडला नाही.' हे तिच्याशिवाय कुणाला दिसणार?

आणि अम्मींकडेही लक्ष द्या. हा फक्त मर्दांचा आजार नाही. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये त्याचं प्रमाण वाढतं. त्या घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं अशा तक्रारी करतात, आणि घोरते म्हटलं तर लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसतात. तपासणी त्यांचीही व्हावी.

वजन उतरलं, बरं वाटू लागलं म्हणून मशीन स्वतःहून बंद करू नका, आधी पुन्हा तपासणी करा. आणि ज्या घरात मशीन आधीच कपाटावर गेलं आहे, त्यांनी ते आज खाली काढावं, फिल्टर बदलावा, मास्क धुवावा आणि संध्याकाळी टीव्हीसमोर वीस मिनिटं लावून बसावं. मास्क जुना किंवा सैल झाला असेल तर दुकानदाराकडून दुसरं माप मागून घ्या.