वाऱ्यापुढे वाजवताना

1969 साली हार्ले-डेव्हिडसनच्या इलेक्ट्रा ग्लाइडला वटवाघळाच्या पंखांच्या आकाराचं फेअरिंग मिळालं. लांबच्या प्रवासात चालवणाऱ्याच्या छातीवर वारा आदळू नये, एवढाच त्याचा हेतू. पण हँडलपुढे असा पोकळ कोनाडा तयार झाल्यावर तो रिकामा कसा राहणार? पुढे त्यात रेडिओ आला, दोन बाजूंना स्पीकर आले आणि मोटरसायकलवर गाणी वाजवण्याचा अमेरिकेत एक वेगळा धंदाच उभा राहिला. आता तिकडचे शौकीन फेअरिंगमध्ये दोन आणि मागच्या सॅडलबॅगांच्या झाकणांत दोन स्पीकर बसवतात, वर अॅम्प्लिफायर वेगळा.

हे सगळं विकत घेताना गिऱ्हाईक फसतं ते खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला. तिथे ठळक छापलेला आकडा बहुधा 'पीक'चा, म्हणजे क्षणभर सोसता येणाऱ्या शक्तीचा असतो. तासन्‌तास वाजवायला उपयोगी पडतो तो 'आरएमएस'चा आकडा, आणि तो शोधायला चष्मा लागतो. आपल्याकडेही मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. तेव्हा आवाजाच्या बाबतीत नावांवर आणि आकड्यांवर विसंबू नये, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मोटरसायकलवरचा खरा प्रतिस्पर्धी वारा. ताशी 100 किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आतसुद्धा 95 ते 100 डेसिबलपर्यंत गोंगाट असतो. त्यातला मोठा भाग खालच्या पट्टीतला, घुमणारा. त्यामुळे सगळ्यात आधी बुडतो तो गाण्यातला 'बास'. मोटारीच्या बंद काचांआड बासला आधार मिळतो, इथे तो उघड्यावर विरून जातो. तरीही लोक बाससाठी जीव टाकतात. माझ्या मते तो नाद सोडावा. अॅम्पवरचा हाय-पास फिल्टर 80 ते 100 हर्ट्झच्या आसपास लावावा, म्हणजे छोट्या स्पीकरचा पडदा उगाच हेलकावे खात नाही आणि गायकाचा आवाज स्वच्छ पुढे येतो.

स्पीकर निवडताना मी आधी त्याची 'सेन्सिटिव्हिटी' बघतो: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो आकडा. 92 डेसिबलचा स्पीकर 25 वॅटवर जेवढा वाजेल तेवढं वाजायला 89 डेसिबलच्या स्पीकरला 50 वॅट लागतात. आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला हवा असेल तर वॅट दहापट करावे लागतात. तीन डेसिबल जास्तीचा स्पीकर म्हणजे अर्धा अॅम्प फुकट मिळाल्यासारखंच. मग पडदा पॉलिप्रॉपिलीनचा आणि भोवतालची कड रबराची आहे ना, ते पाहावं. कागदी पडदा पावसात फुगतो, फोमची कड उन्हात भुगा होते.

अॅम्पची गोष्ट विजेपासून सुरू होते. जुन्या 'एबी' वर्गाच्या अॅम्पमध्ये निम्म्याच्या आसपास वीज उष्णता होऊन जाते. 'डी' वर्गाचा अॅम्प 80 ते 90 टक्के वीज कामी लावतो आणि आकारानेही लहान असतो. इंजिनाची धग लागणाऱ्या जागी दुसरा पर्याय विचारातच घेऊ नये. 300 वॅट बाहेर काढायचे तर 'डी' वर्गाचा अॅम्पही 25 अँपिअरच्या आसपास ओढतो. हार्लेच्या मोठ्या टूरिंग गाड्यांचा आल्टरनेटर साधारण 50 अँपिअरचा, तोही इंजिन फिरत असताना. लहान गाडीवर हे गणित सुरुवातीलाच कोसळतं. चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अॅम्पला दोन ओहमचा भार दिसतो आणि प्रवाह दुपटीकडे जातो. अॅम्प दोन ओहमला टिकतो की नाही हे न विचारता जोडणी करणाऱ्यांचे अॅम्प तापून बंद पडतात. मेळाव्यात इंजिन बंद ठेवून गाणी वाजवणाऱ्यांची गाडी शेवटी ढकलत न्यावी लागते, ती आल्टरनेटरच्या या हिशेबामुळे.

वायरिंगवर पैसे वाचवू नयेत. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या तारा स्वस्त पडतात, पण जास्त तापतात. फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत हवा. वटवाघळी फेअरिंग हँडलबरोबर वळतं, त्यामुळे प्रत्येक वळणाला मानेजवळच्या तारा वाकतात आणि घासतात. आमच्या एका मित्राची तार अशीच सोलली गेली आणि घाटात हेडलाइटच गेला. दुकानदाराने बसवताना तिथे साधी नळीही घातली नव्हती. हार्लेच्याच रोड ग्लाइडचं फेअरिंग चौकटीला पक्कं असतं, तिथे ही कटकट कमी.

एवढं करूनही हायवेवर वाऱ्याच्या वर गाणं ऐकायचं म्हणजे कानांशी वैर. अमेरिकी आरोग्य संस्था 'नायॉश'च्या हिशेबाने 100 डेसिबल रोज पंधरा मिनिटांपलीकडे नकोत. फ्लोरिडात तर 25 फुटांवर स्पष्ट ऐकू येणाऱ्या गाडीला दंड आहे. म्हणून ताशी 80 च्या पुढे मी स्पीकर बंद करतो. गावातल्या वेगाला मात्र ते मजा देतात.

आणि स्पीकर घेताना दुकानातल्या फळीवर वाजवून पसंत करू नये. दुकानदाराला तो बाहेर फुटपाथवर आणून लावायला सांगावं. तिथेही वारा नसतोच, पण निदान भिंती तरी नसतात.