तिकीट सगळ्यांचंच काढायचं!

मैत्रिणींनो, परदेश सहलीचा विषय निघाला की आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. वहीत हिशेब मांडला, आकडा हाताबाहेर गेला, की घरातली बाईच म्हणते, ‘तुम्ही जाऊन या, मी थांबते घरी.’ आणि कुणी फारसा आग्रहही करत नाही! गेल्या वर्षी दीर-जाऊबाईंनी सिंगापूरला बोलावलं, तेव्हा मी ठरवलं, जायचं तर सासूबाईंसकट पाचही जणांनी. राहायचा खर्च नव्हता, भिशीचे पैसे हाताशी होते. प्रश्न फक्त विमानभाड्याचा होता. मंडईत चार ठिकाणी भाव विचारल्याशिवाय मी कोथिंबीरसुद्धा घेत नाही, मग हे काम दुसऱ्यावर कशाला सोपवायचं?

पहिली गोष्ट कळली ती ही, की विमानाचं भाडं एसटीसारखं ठरलेलं नसतं. एकाच विमानात भाड्याचे टप्पे असतात. स्वस्त टप्प्यातल्या जागा संपल्या की पुढचा महाग टप्पा सुरू. पाच जणांचं एकत्र शोधलं आणि स्वस्तातल्या तीनच जागा उरल्या असतील, तर बहुधा पाचही जणांना महाग भाडं दिसतं. म्हणून आधी एकाचं, मग तिघांचं, मग पाचांचं भाडं पाहा. फरक मोठा असेल तर तीन आणि दोन अशी वेगळी तिकिटं काढा. फक्त मुलांच्या तिकिटात एक मोठं माणूस हवंच.

मे महिना आणि दिवाळीत भाव चढेच असतात. पण सुट्टीतसुद्धा शनिवार-रविवार सोडून मंगळवार-बुधवार पाहिला, तर बऱ्याचदा फरक पडतो. माणशी दोन हजार वाचले, तर पाच जणांचे दहा हजार झाले की!

आता स्वस्त विमानांची गोम. तिकीट कमी दिसतं, पण त्यात सहसा हातातलं ७ किलो सामानच धरलेलं असतं. मोठी बॅग, जेवण, हवी ती जागा, सगळ्याचे पैसे वेगळे. आपण जाऊबाईंकडे रिकाम्या हाताने थोडंच जाणार? भाजणी, मेतकूट, मुलांचे कपडे... त्यामुळे बॅगेचे पैसे मिळवूनच दोन तिकिटांची तुलना करा. बॅग लागणारच असेल तर आधीच नोंदवा, विमानतळावर तीच महागात पडते.

मध्ये विमान बदलायचं असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं जोडली आणि पहिलं विमान लेट झालं, तर चुकलेल्या दुसऱ्या विमानाचा भुर्दंड आपल्याच माथी. शिवाय सामान घेऊन पुन्हा जमा करायला त्या मधल्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.

आम्हा बायकांची खास अडचण नावाची. घरी एक नाव, आधार कार्डावर दुसरं, पासपोर्टवर माहेरचं. तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव हवं, अक्षर न् अक्षर. सिंगापूरला व्हिसा लागतो, आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक लागते. पैसे भरण्याआधी हे तपासा.

वेळही नीट वाचा. १५ तारखेच्या रात्री १२.४०चं विमान म्हणजे १४ तारखेलाच रात्री विमानतळ गाठायचा. आणि कुठला विमानतळ, तेही पाहा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली आहेत. तिकिटावर ‘बीओएम’ म्हणजे मुंबईचा जुना, ‘एनएमआय’ म्हणजे नवी मुंबईचा. आपल्या गावाहून मुंबईपर्यंतचं गाडीभाडंही हिशेबात धरा. ते धरल्यावर कधी कधी पुण्याहून निघणारं महाग तिकीटच परवडतं.

आणि समजा, ऐनवेळी जाणं रद्द झालंच, तर ‘पैसे परत नाहीत’ म्हणणाऱ्या तिकिटावरचेही सरकारी कर आणि विमानतळाचे काही आकार परत मिळतात. ते मागून घ्यायला लाजू नका.

थोडी चिकाटी लागते, रोज चहाच्या वेळी पंधरा मिनिटं मोबाइल घेऊन बसावं लागतं. आकडा तरीही जमला नाही, तर सहल चार महिने पुढे ढकला, जवळचा देश निवडा, दोन दिवस कमी करा. वहीतून काट मारायची तर यातल्या कशावरही मारा, स्वतःच्या नावावर मात्र नको.