नाण्यावर मातेचें नांव

नाणें हें केवळ विनिमयाचें साधन नव्हे. ज्या काळीं छापखाने नव्हते, त्या काळीं राजाला प्रजेस जें सांगावयाचें असे, तें तो नाण्यावर उमटवून बाजारोबाजार पाठवी. सोन्याचें नाणें थोड्यांच्याच दृष्टीस पडे. तांब्यापितळेचें मात्र गोरगरिबांच्याही हातीं जाई.

रोमचा बादशहा तिबेरियस यानें राजकुलांतील आग्रिप्पिना हिला एका बेटावर हद्दपार केलें. तेथेंच इ. स. ३३ मध्यें ती मरण पावली. चार वर्षांनीं तिचा पुत्र कालिगुला गादीवर आला. त्यानें मातेची रक्षा रोमला आणिली व तिच्या स्मरणार्थ मोठें पितळी नाणें पाडविलें. त्याच्या एका बाजूस तिची मुखाकृति, तर दुसऱ्या बाजूस दोन खेचरें जोडलेली छपराची गाडी आहे. जिला घालवून दिलें होतें, तिचें मुख आतां घरोघर पोहोंचलें.

आपल्या महाराष्ट्रांतील सातवाहन राजांनीं मातेचें मुख नव्हे, तर नांव नाण्यावर आणिलें. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें इ. स. १९०६ मध्यें क्षत्रप नहपान याचीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश नाण्यांवर विजयी सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारला आहे: 'राजा गौतमीपुत्र श्रीसातकर्णी याचें'. शत्रूच्या मुद्रेवर त्यानें पित्याचें नव्हे, मातेचें नांव उमटविलें! कोल्हापुरास सांपडलेल्या शिशाच्या नाण्यांवरही वासिष्ठीपुत्र, माढरीपुत्र असे शब्द आहेत. आमच्या बोरिवलीजवळील कान्हेरीच्या लेण्यांतही पाण्याच्या एका टाक्यावरील लेखांत 'वासिष्ठीपुत्र' सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे. राजाच्या अनेक राण्यांपैकीं हा कोणाचा पुत्र, हें अशा नांवावरून कळे, असें विद्वान् मानतात.

तथापि एक भेद ध्यानांत ठेवावा. गौतमी, वासिष्ठी हीं गोत्रावरून पडलेलीं नांवें होत. गौतमीचें स्वतःचें नांव बलश्री. तें नाशिकच्या लेण्यांतील लेखांत आहे, पुत्राच्या नाण्यावर नाहीं. आग्रिप्पिनेस तर तो मान मरणोत्तरच लाभला.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नांवांत, सरकारी कागदपत्रांवर, पित्याच्या आधीं मातेचें नांव येतें. कित्येकांस ही नवी रीत वाटते. मातेवरून पुत्रास ओळखणें या भूमीस जुनेंच आहे. नवें तें इतकेंच, कीं आतां माता आपल्या स्वतःच्या नांवानें व आपल्या हयातींत तेथें येते. म्हणून परीक्षेच्या अर्जावर तें नांव लिहितांना तें शुद्ध व पूर्ण लिहा.