वसंतातील शाळा आणि शेतकऱ्याचे बियाणे

फाल्गुनात पळस फुलतो, सावर व पांगारा निष्पर्ण फांद्यांवर लाल होतात आणि कडुनिंबास तांबूस पालवी येते. याच दिवसांत खेड्यांतील प्राथमिक शाळेत मुलांचे चित्त पुस्तकावरून उडू लागते. परीक्षा जवळ आलेली, ऊन वाढलेले व सुट्टी दिसू लागलेली, अशा वेळी पाठांतराचा आग्रह धरून विशेष लाभ होत नाही. आमच्या मते फाल्गुन व चैत्र हा काळ हातांनी व डोळ्यांनी शिकविण्यास वर्षात सर्वांत सोयीचा होय. त्यांतील एका पाठाचा तर शेतकऱ्याच्या खरिपाशी प्रत्यक्ष संबंध आहे. म्हणूनच हा विषय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शाळेत शेतीचे शिक्षण असावे ही मागणी जुनी आहे. सन १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनला सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश सुचविला होता. सन १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा पुरस्कार केला. असे असूनही अंकुराची आकृती वहीत सुबक काढणाऱ्या मुलास घरच्या पोत्यातील बी उगवेल किंवा नाही हे पाहता येत नाही, अशी स्थिती ठिकठिकाणी आढळते.

या अज्ञानाची किंमत थोडी नाही. सन २०१९ मध्ये सोयाबीनच्या काढणीच्या वेळी अवकाळी पावसाने शेंगा भिजल्या, आणि २०२० च्या खरिपात राज्याच्या अनेक भागांत बी उगवले नाही. अनेकांस दुबार पेरणी करावी लागली. बियाणे, मजुरी व पेरणीचा वाफसा, तिन्ही गेले. पेरणीपूर्वी उगवणशक्ती पाहिली असती तर यातील पुष्कळ नुकसान टळले असते. आणि ती पाहण्यास यंत्र लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही.

शिक्षकांनी हा पाठ पुढीलप्रमाणे घ्यावा. प्रत्येक मुलाने घरच्या बियाण्याच्या पोत्यांतून वरचे, मधले व तळाचे असे थोडथोडे बी आणून एकत्र मिसळावे. त्यातून निवड न करता सरसकट १०० दाणे मोजून घ्यावेत. चांगले तेवढे वेचून घेतल्यास परीक्षेला अर्थ उरत नाही. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा दहा दाणे मांडून वर दुसरे ओले गोणपाट घालावे, सैल गुंडाळी करून सुतळीने बांधावी व वर्गाच्या सावलीच्या कोपऱ्यात, माठाशेजारी ठेवावी. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. गोणपाट ओलसर असावे, निथळते नसावे. सात-आठ दिवसांनी गुंडाळी उलगडून ज्यांना निकोप मूळ व कोंब दोन्ही आहेत तेवढेच अंकुर मोजावेत. कुजलेले, खुंटलेले अथवा वाकडे अंकुर उगवलेल्यांत धरू नयेत. अशा तीन गुंडाळ्या करून सरासरी काढल्यास निकाल अधिक भरवशाचा येतो.

येथेच गणिताचा पाठही होतो. प्रमाणित बियाण्यास गहू व हरभरा यांची किमान ८५, ज्वारी, बाजरी व तूर यांची ७५ आणि सोयाबीनची ७० टक्के उगवण लागते. सोयाबीनचे बी ७० टक्के उगवत असता एकरी ३० किलो पेरावयाचे, तर ६० टक्के उगवणाऱ्या बियाण्याचे किती किलो लागेल? त्रैराशिकाने उत्तर ३५ किलो येते. हे उदाहरण मुलगा जन्मभर विसरणार नाही, कारण त्यातील बी त्याच्या बापाचे आहे. उगवण याहूनही बरीच कमी आली तर ते बी पेरण्याचा विचार सोडून वेळीच दुसऱ्याची तजवीज करावी. चैत्रात चांगले ठरलेले बी वैशाखाच्या उष्म्याने अथवा पोती आपटल्याने बिघडू शकते. सोयाबीनचे साल पातळ असल्याने त्यास विशेष जपावे. म्हणून जूनमध्ये शाळा उघडताच हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

या पाठाच्या जोडीस आणखी दोन पाठ सहज घेता येतात. पटांगणात एक मीटरची काठी सरळ उभी रोवून माध्यान्हीच्या सुमारास तिची सर्वांत आखूड सावली दर आठवड्यास मोजावी. दिवस-रात्र समान असतात त्या मार्चच्या २०-२१ तारखेस पुण्याच्या अक्षांशावर ती सुमारे ३३ सेंटीमीटर भरते, आणि मेच्या मध्याजवळ नाहीशी होते. सूर्याचे उत्तरायण मुलांस डोळ्यांनी दिसते. दुसरे, आंब्याच्या एका तुऱ्यास दोरा बांधून त्यावरील बारीक कैऱ्या दर सोमवारी मोजून नोंदवाव्यात. शेकडो फुलांच्या तुऱ्यावर अखेर एखाददुसरेच फळ टिकते, हे मोजून पाहिलेल्या मुलास झाडाची जोपासना निराळी शिकवावी लागत नाही.

दोन गोष्टींविषयी मात्र सावधगिरी हवी. बाजारच्या पिशवीतील रंगीत बियाण्यास विषारी औषध चोळलेले असते; ते मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. शाळेतील परीक्षा घरच्या, औषध न लावलेल्या बियाण्याचीच करावी. दुसरे, शाळेच्या वेळात मुलांस काढणीस अथवा राखणीस नेणे यास कोणी शेतीशिक्षण समजू नये. मुलाने मोजावे, लिहावे व कारण विचारावे, हे शिक्षण. त्याच्याकडून मजुरी वाचविणे हे नव्हे.

याच सुमारास साखर कारखान्यांचे गळीत संपून ऊसतोडणी कामगारांची मुले गावी परततात. मागील धडे चुकल्याने ती वर्गात मागे बसतात. गोणपाटावरील दाणे मोजण्यास मागचा धडा येण्याची आवश्यकता नसते. सर्वांबरोबर ती पहिल्या दिवसापासून बसू शकतात. ज्यांच्या घरी पेरावयास जमीन नाही त्यांनी शेजाऱ्याचे बी तपासावे. त्यात त्यांस कमीपणा नाही, शेजाऱ्याचा मात्र लाभ आहे.

सन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत पालक बसतात, आणि आमचे वाचकही त्यांत असतील. त्यांनी शिक्षकांवर आणखी एक काम लादावे असे आम्ही म्हणत नाही. शेर-दोन शेर बी, चार जुनी गोणपाटे आणि सुतळी एवढे पाडव्यापूर्वी शाळेत पोहोचवावे, व गुंडाळ्या उलगडण्याच्या दिवशी स्वतः अर्धा तास हजर राहावे. आणि मुलाने वहीत ‘शंभरांत बावन्न’ असे लिहून आणले तर ‘पोराला काय कळते’ असे म्हणून ते बी पेरू नये. मृगाच्या पावसानंतर शेताने जे सांगावयाचे ते या वहीने दोन महिने आधी सांगितलेले असते.